नुसेरातच्या मृतांना जबाबदार कोण?

शनिवार, दिनांक ८ जून २०२४ रोजी, सकाळी अकराच्या सुमारास, गाझा पट्टीच्या मध्यभागी असलेल्या नुसेरात येथील निर्वासित छावणीत इस्रायलची विशेष पथके गुप्तपणे शिरली. एकमेकींपासून सुमारे दोनशे मीटर अंतरावर असलेल्या दोन राहत्या इमारतींतून त्यांनी चार ओलिसांना जिवंत बाहेर काढले. एक तरुणी होती, तिघे पुरुष होते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी एका संगीत महोत्सवातून त्यांना पळवून नेण्यात आले होते, आणि त्यांचा कसलाही अपराध नव्हता. त्याच दिवशी, त्याच छावणीत, त्याच कारवाईत २७४ माणसे ठार व ६९८ जखमी झाल्याचे गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. मृतांत ६४ मुले आणि ५७ स्त्रिया असल्याचेही त्याने सांगितले. हे मंत्रालय आपल्या आकड्यांत लढवय्या आणि नागरिक असा भेद करीत नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे. इस्रायली लष्कराच्या प्रवक्त्याने हताहतांची संख्या शंभराच्या आत असल्याचे सांगितले, आणि त्यांत लढवय्ये किती हे आपणांस ठाऊक नाही, अशी कबुलीही दिली. विशेष पथकातील एक पोलीस अधिकारी या कारवाईत मरण पावला.

ही बातमी आली तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी ती अर्धीच वाचली. कोणी चौघांची सुटका वाचली आणि त्यांना आनंद झाला. कोणी छावणीतील प्रेतांविषयी वाचले आणि त्यांच्या मुठी वळल्या. दोन्ही अर्ध्या बातम्या खऱ्या होत्या. पुढे जो वाद पेटला तो मात्र खतावणीचा वाद होता. एक पक्ष म्हणाला, ओलीस धरलेच नसते तर हे घडते ना. यास्तव प्रत्येक प्रेत अपहरणकर्त्यांच्या नावे मांडा. दुसरा पक्ष म्हणाला, बाँब कोणी टाकले? गोळ्या कोणी झाडल्या? यास्तव प्रत्येक प्रेत इस्रायलच्या नावे मांडा. या दोन्ही कोटिक्रमांच्या बुडाशी एकच गृहीतक आहे, आणि ते खोटे आहे. ते असे की जबाबदारी ही जणू एक भाकरी आहे. एकाने ती सगळी घेतली की दुसऱ्याच्या ताटात काही उरत नाही.

माझ्या वकिलीतील बराच काळ मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गेला आहे. तेथे एक देखावा वारंवार दिसतो. ट्रक आणि रिक्षा यांची टक्कर होते, आणि रिक्षात मागे बसलेला तिसराच मनुष्य मरतो. ट्रकच्या विमा कंपनीचा वकील उठून सांगतो की चूक रिक्षावाल्याची. रिक्षाच्या विमा कंपनीचा वकील उठून सांगतो की चूक ट्रकवाल्याची. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि मृताची विधवा मागच्या बाकावर बसून एकदा याच्याकडे व एकदा त्याच्याकडे पाहत असते. कायद्याने या खेळावर फार पूर्वीच तोडगा काढलेला आहे. दोघांचीही हयगय शाबीत झाली तर त्या निरपराध तिसऱ्या माणसापुरते दोघेही संपूर्ण जबाबदार. वारसांनी संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करावी, आणि हिस्सेवाटणी त्या दोघांनी मागाहून आपापसांत करीत बसावे. त्या विधवेपुढे ‘दुसऱ्याचाही दोष आहे’ हे म्हणणे खरे असू शकते. बचाव म्हणून ते टिकत नाही.

युद्ध म्हणजे मोटार अपघात नव्हे, हे मला समजते. तथापि छावणीतल्या बाजारात पिशवी घेऊन निघालेला मनुष्य आणि रिक्षात मागे बसलेला उतारू यांत फरक काय, एवढे मला कोणी दाखवून द्यावे.

प्रथम अपहरणकर्त्यांचा हिशेब घेऊ, कारण तो घेताना आपल्याकडील पुष्कळांची जीभ अडखळते. पॅलेस्टिनी जनता पीडित आहे. नुसेरातची छावणी ही १९४८ साली घरादारास मुकलेल्या लोकांची वसाहत आहे, आणि तेथे जन्मलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीनेही निर्वासित याखेरीज दुसरी ओळख पाहिलेली नाही. ज्यांनी स्वतः अपमान भोगला आहे त्यांचे मन अशा लोकांकडे ओढ घेणार, हे स्वाभाविक आहे, माझेही घेते. परंतु पीडिताचा कैवार घेणे वेगळे आणि त्याच्या नावाने जे जे केले जाईल त्या सर्वांचे वकीलपत्र घेणे वेगळे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० माणसे ओलीस म्हणून पळवून नेली गेली. त्यांत वृद्ध होते, तान्ही मुले होती. पोटासाठी हजारो मैलांवरून आलेले थाई शेतमजूरही होते. या शेतमजुरांचा पॅलेस्टिनी माणसाशी कोणता वैरभाव होता, हे सांगणारा मला अद्याप भेटलेला नाही.

ओलीस धरण्याला कायद्यात कोणताही अपवाद नाही. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत सामाईक असलेल्या तिसऱ्या कलमाने ते सर्वकाळी व सर्वत्र निषिद्ध ठरविले. १९७९ साली याच विषयावर स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार झाला. हेतू उदात्त असल्यास चालेल, शत्रू बलाढ्य असल्यास चालेल, भूमी व्यापलेली असल्यास चालेल, असे या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. आणि नुसेरातच्या बाबतीत अपराध एवढ्यावर थांबला नाही. ओलिसांना कुटुंबे राहत असलेल्या इमारतींत, दाट वस्तीत, बाजाराच्या जवळ ठेवण्यात आले. ज्यांनी तसे ठेवले त्यांना ठाऊक होते की एक ना एक दिवस सुटकेचा प्रयत्न होणार, आणि तो झाला म्हणजे शेजारची बायकामुले मध्ये सापडणार. किंबहुना शेजारी आहेत म्हणूनच ती जागा त्यांना सोयीची वाटली असेल, तर त्यांनी आपल्याच लोकांची भिंत करून वापरली. शेजाऱ्यांना विचारले होते काय? ज्यांच्या मुक्तीसाठी लढतो असे म्हणावयाचे त्यांना न विचारता त्यांचे प्राण पणाला लावण्याचा अधिकार कोणी दिला?

पुढचा प्रकार याहून काळा आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राफा येथील एका भुयारात सहा ओलिसांची प्रेते इस्रायली सैन्याला सापडली. त्यांना नुकतेच गोळ्या घालून ठार करण्यात आले होते. त्यानंतर हमासच्या लष्करी शाखेच्या प्रवक्त्याने स्वतःच जाहीर केले की, नुसेरातच्या घटनेनंतर, सैन्य जवळ आल्यास काय करावयाचे याच्या नव्या सूचना पहारेकऱ्यांना दिल्या होत्या. हा कबुलीजबाब समजावा. त्यावर उलटतपासणीची गरज नाही.

येथवर आल्यावर पहिला पक्ष समाधानाने म्हणेल, ‘मग झाले तर! हेच आम्ही म्हणत होतो.’ थांबा. तुमची साक्ष आता सुरू होते.

तुमचे पहिले म्हणणे असे की शत्रूने नागरिकांची ढाल केली म्हणजे त्या नागरिकांच्या मरणाचे पाप शत्रूच्याच माथी. युद्धाचा कायदा याचा विचार करून बसला आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराचे ५१ वे कलम पाहा. त्याच्या सातव्या पोटकलमाने नागरिकांची ढाल करण्यास मनाई केली, आणि लगेच आठव्या पोटकलमाने सांगितले की एका पक्षाने ही मनाई मोडली तरी नागरिकांविषयीच्या कर्तव्यातून दुसऱ्या पक्षाची सुटका होत नाही. ही दोन पोटकलमे शेजारी-शेजारी आहेत हा योगायोग नव्हे. करार लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की पहिले वाचून झाल्यावर प्रत्येक सेनापती पुस्तक मिटणार; म्हणून त्यांनी दुसरे लागलीच खाली लिहून ठेवले. या पूरक करारात इस्रायल सामील नाही, आणि आपला भारतही नाही, हे खरे. तथापि भेद, प्रमाण आणि खबरदारी हे त्यातील मूळ नियम रूढ कायदा म्हणून सर्व राष्ट्रांना बांधून घेतात, असे सर्वत्र मानले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने नुसेरातनंतर तीन दिवसांनी हीच भूमिका घेतली. ज्या रीतीने सुटकेची कारवाई झाली तिच्याविषयी, आणि दाट वस्तीत ओलीस ठेवण्याविषयी, अशा दोन्हींविषयी त्याने एकाच निवेदनात युद्धगुन्ह्याची शक्यता बोलून दाखविली. त्या निवेदनावर दोन्ही पक्ष रागावले नसते तरच नवल.

दुसरे म्हणणे अधिक बळकट आहे, आणि ते आपल्याच दंडसंहितेच्या आधाराने मांडता येते. कायद्याच्या महाविद्यालयात आम्हांला भारतीय दंडसंहितेचे १०६ वे कलम शिकविले गेले. नव्या भारतीय न्याय संहितेत तेच ४४ वे कलम झाले आहे. त्याखाली एक दृष्टांत दिला आहे. एका माणसावर जमाव चालून येतो आणि त्याला ठार मारू पाहतो. जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. गोळी झाडल्याखेरीज त्याचा जीव वाचत नाही, आणि मुलांना इजा होण्याचा धोका पत्करल्याखेरीज गोळी झाडता येत नाही. अशा माणसाने गोळी झाडली आणि मूल जखमी झाले, तर तो अपराधी नाही. वर्गात हा दृष्टांत वाचला त्या दिवशी मी अस्वस्थ झालो होतो, आणि आजही तो वाचताना मला सुख होत नाही. पण कायदा म्हणून तो बरोबर आहे, असे माझे मत आहे. मृत्यूच्या दाढेत सापडलेल्या माणसाकडून देवदूताचे वर्तन मागता येत नाही.

नुसेरातला हा दृष्टांत लागू पडतो काय? एका क्षणापुरता, एका माणसापुरता पडेल. इमारतीतून बाहेर पडलेल्या पथकाची गाडी अडकली, चोहोंकडून गोळीबार सुरू झाला, ओलीस आणि जखमी सहकारी गाडीत आहेत. त्या वेळी त्या शिपायाने काय करावे? त्याला फाशी द्या असे मी म्हणणार नाही. परंतु तो शिपाई तेथे आकाशातून पडला नव्हता. ही कारवाई कित्येक आठवडे आखली गेली, तिची तालीम झाली, सरकारने तिला संमती दिली. दिवसाची वेळ मुद्दाम निवडली होती. पहारेकऱ्यांना बेसावध गाठता यावे म्हणून, असे लष्करानेच सांगितले. म्हणजे जी वेळ पहारेकऱ्याला बेसावध करणारी तीच बाजार भरण्याची. हे आखणाऱ्यांना दिसले नसेल असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल. शत्रूच्या वस्तीत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे कठीण, हे तर दरोडेखोरालाही कळते. बाहेर पडताना अडचण आलीच तर विमाने वरून भडिमार करतील, ही तजवीज होती आणि तसा भडिमार झाला. दृष्टांतातल्या माणसावर जमाव अकस्मात चालून आला होता. येथे मुले कोठे आहेत, किती आहेत, कोणत्या वेळी रस्त्यावर असतात, हे नकाशावर पाहून मग वेळ ठरविली गेली. अकस्मात ओढवलेल्या संकटाची सवलत योजनापूर्वक पत्करलेल्या परिणामाला देता येत नाही.

दंडसंहितेच्या ८१ व्या कलमाखाली आणखी एक दृष्टांत आहे. एका आगबोटीच्या कप्तानापुढे, त्याची कसलीही चूक नसताना, अशी वेळ येते की मार्ग न बदलावा तर वीस-तीस उतारू असलेली होडी बुडणार, आणि बदलावा तर दोनच उतारू असलेल्या दुसऱ्या होडीला धक्का लागण्याचा संभव. त्याने सद्‌बुद्धीने मार्ग बदलला तर तो दोषी नाही. दृष्टांत लिहिणाऱ्याने मोठी होडी कोणत्या बाजूला ठेवली आहे, ते वाचकांनी लक्षात घ्यावे. नुसेरातला चौघांच्या होडीसाठी जे सुकाणू फिरविले गेले, त्याच्या दुसऱ्या बाजूला अख्खी छावणी होती.

जबाबदारी शिपायाकडून वर सरकते आणि आखणाऱ्याच्या मेजावर येते, हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रशियाच्या दोन प्रकरणांत हाच मार्ग दाखविला. चेचन्यातील युद्धाच्या काळात, २००२ साली मॉस्कोच्या एका नाट्यगृहात शेकडो प्रेक्षकांना ओलीस धरण्यात आले. सुरक्षा दलांनी आत गुंगीचा वायू सोडला आणि सव्वाशेहून अधिक ओलीस मेले. न्यायालयाने २०११ साली निर्णय दिला. बळ वापरण्याचा निर्णय त्याने दोषास्पद ठरविला नाही. परंतु बाहेर काढलेल्या माणसांना वाचविण्याची पुरेशी तयारीच केली नव्हती, म्हणून सरकारला दोषी ठरविले. २००४ साली बेसलान येथील शाळेत तीनशेहून अधिक माणसे मेली. त्यांत शंभर-दीडशे नव्हे, त्याहूनही अधिक मुले होती. तेथे ओलीस आत असताना रणगाड्याच्या तोफा, ज्वालाफेकी अस्त्रे वापरली गेली. २०१७ साली न्यायालयाने त्याबद्दल रशियन सरकारला जबाबदार धरले. शाळेत बाँब बांधणारे नराधम होते याविषयी न्यायालयाला तिळमात्र शंका नव्हती. तरीही सरकारचा हिशेब त्याने वेगळा घेतला. त्या दोन्ही ठिकाणी मेलेले हे स्वतः ओलीस होते. नुसेरातला मेलेले शेजारी होते. शेजाऱ्याच्या जिवाला ओलिसाच्या जिवाहून कमी मोल द्यावे, असे न्यायाचे कोणते तत्त्व सांगते?

आता मर्मावर येऊ. आकड्यांचा वाद नको, असे काही विचारवंत म्हणतात. चार विरुद्ध दोनशे चौऱ्याहत्तर ही तुलनाच असंस्कृत आहे, माणसांचे वजन तराजूत होत नाही, असे ते म्हणतात. मला हे ऐकून गंमत वाटते. तराजू वापरलाच नाही, असे थोडेच आहे! कारवाईला संमती देणाऱ्याने तो वापरलाच. फक्त त्याचे एक पारडे रिकामे आहे असे धरून चालला. आरोग्य मंत्रालयाचा आकडा खोटा माना. लष्कराचाच आकडा घ्या. शंभराच्या आत म्हणजे किती, आणि त्यांतले हत्यारबंद किती, हे लष्कराला सांगता आले नाही. जो मारतो त्याने मेलेला कोण होता हे पाहिलेच नसेल, तर त्याने प्रमाण कशाशी ताडून पाहिले?

एक कसोटी लावा. जागा बदला. समजा, एखाद्या गुन्हेगार टोळीने चार पॅलेस्टिनी मुलांना तेल अवीवच्या एका इमारतीत कोंडून ठेवले आहे. आजूबाजूला इस्रायली कुटुंबे राहतात, खाली बाजार भरला आहे. मुलांना सोडविण्याचा असा बेत पुढे येतो की ज्यात शंभराच्या आत शेजारी, बहुधा त्यांतली बरीचशी मुले, मरतील. त्या बेतावर कोणता मंत्री सही करील? कोणीही करणार नाही; आणि करू नये हेच योग्य. दुसरी वेळ शोधा म्हणतील, वाटाघाटी करा म्हणतील, इमारत आधी रिकामी करा म्हणतील. नुसेरातला जो बेत मान्य झाला तो तेल अवीवला अमान्य होत असेल, तर या दोन बेतांत फरक कशाचा? अपहरणकर्त्यांच्या दुष्टपणाचा नव्हे; तो दोन्हीकडे सारखा धरला आहे. फरक शेजाऱ्यांच्या किमतीचा. ‘एक माणूस, एक मूल्य’ हे सूत्र ज्यांनी जन्मभर उच्चारले आहे त्या या पाक्षिकाच्या वाचकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

‘सरकारचे आपल्या नागरिकांशी विशेष नाते असते,’ असे यावर उत्तर मिळेल. असते, आणि असावे. त्या नात्यासाठी सरकारने आपला खजिना रिता करावा, आपला मान बाजूस ठेवून शत्रूशी बोलावे, आपल्या शिपायांचे प्राण धोक्यात घालावेत. बाप मुलाच्या सुटकेसाठी आपले घर विकतो आणि सारा गाव त्याला नमस्कार करतो. त्याच बापाने शेजाऱ्याचे घर पेटविले तर गाव नमस्कार करीत नाही. मुलावरचे प्रेम दोन्ही वेळा तेवढेच असते.

राहिला नाइलाजाचा मुद्दा. दुसरा मार्गच नव्हता, असे सांगितले जाते. नाइलाज हा बचाव आहे, आणि तो शाबीत करण्याचा भार तो घेणाऱ्यावर असतो. या युद्धाचा सबंध ताळेबंद आता आपल्यापुढे आहे. लष्करी कारवाईने जिवंत सुटलेले ओलीस एकंदर आठ. वाटाघाटींतून सुटलेले दीडशेहून अधिक: नोव्हेंबर २०२३ च्या युद्धविरामात शंभरावर, २०२५ च्या आरंभीच्या युद्धविरामात तीस, आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी शेवटचे वीस. डिसेंबर २०२३ मध्ये तर पहारेकऱ्यांच्या हातून निसटलेले तीन ओलीस पांढरे फडके दाखवीत पुढे आले असता इस्रायली सैनिकांच्याच गोळ्यांना बळी पडले. आणि नुसेरातच्या कारवाईच्या वेळी दुसरा मार्ग मेजावर होता. ३१ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी तीन टप्प्यांच्या युद्धविरामाची योजना जाहीर केली होती, आणि १० जून रोजी, म्हणजे कारवाईनंतर दोनच दिवसांनी, सुरक्षा समितीने ठराव क्रमांक २७३५ मंजूर करून तिला पाठिंबा दिला.

ती योजना तेव्हा अमलात आली नाही, आणि त्याचा दोष एकट्या इस्रायलला देता येणार नाही, हे मला मान्य आहे. ‘थांबा, बोलणी चालू आहेत,’ असे घरात बसून ओलिसाच्या आईला सांगण्याचा अधिकारही मला नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही उद्याच्या पहाटेची वाट पाहिली नसती. पण आईचा आक्रोश आणि मंत्रिमंडळाचा निर्णय यांत अंतर असावे म्हणून तर राज्य नावाची संस्था माणसाने निर्माण केली. लष्करी दडपणामुळेच हमास बोलणी करण्यास आला, हाही युक्तिवाद मी ऐकला आहे. तो खरा असला तरी त्याने नुसेरातचा बचाव होत नाही. कारण मग कारवाईचे प्रयोजन चौघांची सुटका एवढेच राहत नाही, छावणीवरचे दडपण हेही तिचे प्रयोजन ठरते. आणि नागरिकांवर दडपण आणण्यासाठी माणसे मारणे याला कायद्यात जे नाव आहे ते त्या पक्षाला आवडणार नाही.

मग या दोघांकडून मागावयाचे काय? हमासच्या ज्या नेत्यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याने मे २०२४ मध्ये अटकेची वॉरंटे मागितली, त्यांच्यावरील आरोपांत ओलीस धरण्याचा आरोप होता. त्यांपैकी तिघेही त्याच वर्षी मारले गेले. काहींना त्यात न्याय झाल्यासारखे वाटले. मला तसे वाटले नाही. अमुक घर का निवडले, शेजाऱ्यांना कोणी व काय सांगितले, पहारेकऱ्यांना नव्या सूचना कोणी दिल्या, हे प्रश्न ज्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात विचारावयाचे होते ते उत्तरे घेऊन गेले. उरलेल्यांना ते विचारले पाहिजेत, आणि पॅलेस्टिनी समाजाच्या हितचिंतकांनी ते सर्वांच्या आधी विचारले पाहिजेत. कारण छावणीतले मेलेले त्यांचे आहेत.

इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध व माजी संरक्षणमंत्र्यांविरुद्ध त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरंटे काढली. त्यांतील आरोप वेगळे आहेत आणि त्यांचा निकाल लागेल तेव्हा लागेल. नुसेरातपुरते मला एकाच कागदाची प्रत हवी आहे. युद्धाचा कायदा हल्ल्यापूर्वी अंदाज करावयास सांगतो: या कारवाईत किती नागरिक मरतील, आणि ते कोणत्या लाभाच्या मानाने अवाजवी ठरणार नाहीत. ज्या सैन्याला तालीम करण्याइतका वेळ होता, त्याने हा अंदाज केला असला पाहिजे. त्या कागदावर ‘अपेक्षित नागरिक मृत्यू’ या रकान्यात कोणता आकडा लिहिला होता? आकडा लिहिला असेल, तर ज्याने तो वाचून खाली सही केली त्याने पुढे यावे आणि त्या आकड्याचे समर्थन मृतांच्या वारसांसमोर करावे. रकाना कोरा असेल, तर तेही सांगावे.